फुलदाणी उलटी करून पाहा

कला ही शांततेची लेक, असे आपण मानत आलो. पोट भरलेले असावे, मन स्वस्थ असावे, मगच हाताला नक्षी सुचते! १९१४ ते १९१८ च्या पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या रणभूमीवर जन्मलेल्या पितळी फुलदाण्यांविषयी वाचले आणि माझी ही समजूत पार डळमळली.

या फुलदाण्या म्हणजे तोफगोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या. पितळ तापवून मऊ करायचे, आत शिसे किंवा डांबर ओतायचे आणि खिळ्याने ठोकून ठोकून वेली, पाने, एखाद्या गावाचे नाव उमटवायचे. फ्रेंचांच्या ७५ मिलिमीटर तोफेची पुंगळी यासाठी फार वापरली गेली. इंग्रजीत या कामाला ‘ट्रेंच आर्ट’ म्हणतात. पण नाव फसवे आहे. गोळ्यांच्या माऱ्यात, चिखलाच्या खंदकात बसून हातोडी कोण चालवणार? बरेचसे काम पिछाडीला, इस्पितळांत आणि युद्धकैद्यांच्या छावण्यांत झाले. चिनी मजुरांनीही ते केले. युद्ध संपल्यावर उद्ध्वस्त गावांतील लोकांनी, आपल्या माणसाची कबर शोधत आलेल्यांना अशा वस्तू विकून चार पैसे मिळवले.

माझे काही मित्र म्हणतात, ही कला कसली, हे तर संहाराला घातलेले मखर! मला हे पटत नाही. उद्याची खात्री नसलेला माणूस हाती आलेल्या धातूवर पान कोरतो, त्याला मखर म्हणणे निर्दयपणाचे आहे.

तथापि एक गोष्ट विसरता येत नाही. तोफ डागली की गोळा पुढे जातो आणि पुंगळी तोफेपाशीच राहते. म्हणजे फुलदाणी हा अर्धाच ऐवज. उरलेला अर्धा पलीकडच्या कुणावर तरी पडलेला असतो. १९१६ साली सोमच्या लढाईआधी ब्रिटिशांनी आठवडाभरात सुमारे १५ लाख गोळे डागले. त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांच्या पुंगळ्या मागे उरल्या!

पुंगळीच्या बुडावर कारखान्याची खूण आणि साल ठोकलेले असते. हौशी संग्राहक नक्षी घासूनपुसून कपाटात मांडतात. बूड मात्र कुणाला दिसत नाही. माझे म्हणणे एवढेच, की संग्रहालयांनी अशी फुलदाणी आरशावर ठेवावी. वरची वेल आणि खालचे साल एकाच नजरेत आले पाहिजे. ज्याला वेल पाहायची आहे त्याने सालही वाचावे!