कुंपणाचा रंग

बरकतपुऱ्यात लाकडी कुंपण आता शोधावं लागतं. जुने बंगले पाडून अपार्टमेंट उभी राहिली, आणि अपार्टमेंट म्हटलं की सिमेंटची भिंत आणि लोखंडी गेट. आमच्या परसात मात्र भाजीचे वाफे आणि गाडी लावायची जागा यांच्यामध्ये कमरेएवढ्या उंचीचं फळ्यांचं कुंपण अजून आहे. ते सासऱ्यांनी करवून घेतलेलं. ते मूळचे परभणीकडचे. मनमाड-काचीगुडा मीटरगेजच्या गाडीने मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं हैदराबादेत आली आणि काचीगुडा, नारायणगुडा, सुलतान बाजार या भागात रुजली, त्यांतलंच हे एक घर.

यंदा पावसाळा सरल्यावर कुंपण रंगवायचं ठरलं आणि ट्रूप बाजारातून रंगांचं कार्ड घरी आलं. टीक, वॉलनट, महोगनी, रोझवूड, एबनी, शिवाय दोन-तीन हिरवे. सासूबाईंचं मत हिरव्याला, "झाडांत मिसळून जाईल गं." मुलीला जवळजवळ काळा हवा होता. कामावर आलेल्या सुतारचाचांनी ते कार्ड हातातसुद्धा घेतलं नाही. "रंग बाद में, अम्मा. पैले इसके पाँव देखो," म्हणत ते उकिडवे बसले आणि त्यांनी एका खांबाच्या बुडाशी, अगदी मातीलगत, स्क्रू ड्रायव्हर टेकवला. भिजवलेल्या खारकेत शिरावा तसा तो आत गेला. त्याच खांबाला वीतभर वर टोचलं, तर नुसता ओरखडा उठला.

लाकडी कुंपण बहुतेक वेळा इथेच मरतं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलही लागते आणि हवाही. लाकडातला ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या खाली राहिला, तर तिचं काही चालत नाही. खांबाचा वरचा भाग उन्हावाऱ्याने वाळतो, खोल जमिनीत हवा कमी असते, मातीच्या पातळीला मात्र दोन्ही गोष्टी मुबलक मिळतात. वाळवीही तिथूनच आपल्या मातीच्या नळ्या वर चढवते. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाची परीक्षा अशीच घेतात. वेगवेगळ्या जातींच्या खुंट्या उघड्या जमिनीत पुरायच्या आणि किती काळ टिकतात ते पाहायचं. सरासरी 120 महिने किंवा त्याहून जास्त तग धरणारं लाकूड पहिल्या वर्गातलं, 60 महिन्यांच्या आत संपणारं तिसऱ्या. सागाचा गाभा पहिल्या वर्गात बसतो, आंबा तिसऱ्यात. सागाच्या सालीलगतचं फिकट लाकूड मात्र गाभ्याइतकं टिकत नाही, आणि आजकाल साग म्हणून जे स्वस्तात मिळतं त्यात हाच फिकट भाग बराच असतो. ते घेताना फळीच्या कडा नीट पाहाव्यात.

मग रंगाचं काम काय? उन्हाला अडवण्याचं. उन्हातले अतिनील किरण लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारं द्रव्य, मोडतात. पाऊस ते धुऊन नेतो आणि फळी करडी, भुसभुशीत दिसू लागते. डब्यातली रंगाची बारीक पूड हे किरण स्वतःवर झेलते. म्हणूनच बाहेरच्या लाकडाला पारदर्शक वॉर्निश देऊ नये. नवं असताना ते देखणं दिसतं, पण ऊन त्याच्या आरपार जातं, लाकडाचा पृष्ठभाग आतून सुटतो आणि वॉर्निशचे पापुद्रे निघतात. फार गडद रंगही आमच्याकडे नको. मे महिन्यात हैदराबादचा पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा काळी फळी जास्त तापते, पिळते आणि चिरते. मुलीला हे पटलं, तिचा काळा मागे पडला.

ऑइल पेंटचा जाड थर हा आपल्याकडचा जुना रिवाज. घरातल्या दारांना तो ठीक आहे. कुंपणावर मात्र खिळ्यापाशी, सांध्यापाशी त्याला केसासारखी चीर पडते, तिच्यातून पाणी आत जातं आणि थरामागे अडकून बसतं. बाहेरून फळी झकपक दिसत असते, आत ती कुजत असते. लाकडात मुरणारा पातळ स्टेन बरा. तो हळूहळू विटतो, पण पापुद्रे धरत नाही, आणि पुढच्या वेळी खरवडत बसावं लागत नाही. पण स्टेन म्हणजे प्रिझर्वेटिव्ह नव्हे, हे दुकानात कुणी आपण होऊन सांगत नाही. कित्येक रंगीत डब्यांत फक्त रंग आणि तेल असतं, बुरशी किंवा कीड मारणारं काहीच नसतं. डब्याची मागची बाजू वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सासूबाईंच्या हिरव्यामागे एक मोठा इतिहास आहे. 1933 साली डेहराडूनच्या याच संस्थेत सोंटी कामेशम् या भारतीय शास्त्रज्ञाने तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचं मिश्रण तयार केलं. तांबं बुरशीला मारतं, आर्सेनिक किडीला, आणि क्रोमियम या दोघांना लाकडात पक्कं बसवतं. आर्सेनिक आणि तांब्याच्या रासायनिक चिन्हांवरून त्याचं नाव पडलं 'आस्कू'. दाब देऊन ते लाकडात मुरवलं की लाकडाला हिरवट झाक येते. विजेचे खांब, धक्के, कुंपणं, सगळीकडे ते पोहोचलं. पुढे लक्षात आलं की त्यातलं आर्सेनिक थोडं थोडं मातीत आणि हाताला उतरतं. अमेरिकेत 2003 च्या अखेरीपासून घरगुती वापराच्या बहुतेक लाकडासाठी ते थांबवण्यात आलं. कामेशम् यांच्या कामाबद्दल मला अतोनात आदर आहे. त्या शोधाने किती झाडं तुटण्यापासून वाचली असतील! पण ज्या कुंपणाला टेकून मुलं खेळतात आणि ज्याच्या पायथ्याशी मेथी-कोथिंबीर उगवते, तिथे आर्सेनिक नको.

डांबराचंही तेच. काचीगुडा स्टेशन इतकं जवळ, त्यामुळे रेल्वेचे लाकडी स्लीपर आमच्या भागाला परके नाहीत. क्रिओसोट नावाच्या डांबरी तेलात मुरवलेले हे स्लीपर खडीत, पावसात वर्षानुवर्षं टिकत. रुळांखाली सिमेंटचे स्लीपर आल्यावर ही जुनी लाकडं भंगारात गेली आणि आता काही जण हौसेने त्यांची बाकं आणि कुंपणं करतात. ती करू नयेत. क्रिओसोट उन्हात पाझरतं, कातडीला झोंबतं आणि त्यातली काही द्रव्यं कर्करोगाला कारण ठरणारी आहेत. गॅरेजमधलं काळं इंजिन ऑइल फळ्यांना फासणं त्याहून वाईट, कारण ते लाकूड नीट राखत नाही आणि माती मात्र नासवतं.

शेवटी आम्ही निवडला तो गेरूच्या जवळ जाणारा तांबूस तपकिरी. या रंगाच्या मुळाशी लोहाचं ऑक्साइड, म्हणजे साधा गंज असतो. तो उन्हाने सहसा उडत नाही आणि अतिनील किरण चांगले शोषतो. आपल्या अंगणांना गेरू ओळखीचाच आहे, पण स्वीडनमध्ये शेतावरची लाकडी घरं जी तांबडी दिसतात तीसुद्धा याच द्रव्याने. फालुन गावाच्या तांब्याच्या खाणीतल्या टाकाऊ मातीतून तो रंग निघतो आणि पीठ घालून, शिजवून लावतात. थर जमवून लाकडाचा श्वास न कोंडणारा रंग त्या लोकांनी शतकांपूर्वीच निवडला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण ब्रश हाती घेण्याआधी चाचांनी खांबांची कुजलेली बुडं कापली आणि सिमेंटच्या ठोकळ्यात लोखंडी पाय बसवून लाकूड मातीपासून चार बोटं उचललं. काच पेपर मारून झाल्यावर त्यांनी फळीवर पाण्याचे थेंब शिंपडले. थेंब मोत्यासारखा वर उभा राहिला, तर लाकूड अजून काही पीत नाही, पुन्हा घासा. बघता बघता जिरला तर लावा. आधी टाकणखार आणि बोरिक पावडरचं द्रावण दिलं. ते बुरशीला आणि किडीला मारतं, पण पावसात धुऊन जातं, म्हणून वाळल्यावर त्यावर अळशीच्या तेलातला रंगीत हात हवाच. खांबांची वरची कापलेली तोंडं चाचांनी पुन्हा पुन्हा तेल पाजून तृप्त केली. कापलेल्या तोंडातून लाकूड जितकं पाणी ओढतं, तितकं सपाट बाजूने ओढत नाही.

हे काम करायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा, लाकूड कोरडं असताना. निघालेली जुनी, औषध मारलेली लाकडं बंबात किंवा चुलीत घालू नका, त्यांचा धूरही विषारी आणि राखही. आणि अळशीच्या तेलाने भिजलेली फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि फडक्यांचा ढीग काडी न लावताही पेट घेतो. ती बादलीभर पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर एकेक पसरून पूर्ण वाळवा, मगच फेका.