मेण काढायचं, मग पुन्हा लावायचं

समईतली वात तेल भराभर पिते. पण ती वात ज्या घरच्या कापसाची, त्याचाच पुंजका पाण्यात टाकला, तर तो वर तरंगत राहतो. दवाखान्यातल्या निळ्या कागदी गुंडाळीतला कापूस मात्र लगेच बुडायला हवा. औषधसंहिता, म्हणजे औषधांचा प्रमाणग्रंथ, त्याला जास्तीत जास्त १० सेकंद देते.

हा फरक तंतूवरच्या मेणाचा. वजनात ते एक टक्काही भरत नाही, पण तेवढं मेण पाण्याला आत शिरू देत नाही आणि तेलाला जवळ करतं. म्हणून दवाखान्यासाठीचा कापूस आणि गॉज कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उकळतात, हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरं करतात. मेण गेलं की तोच तंतू रक्त, पू सगळं शोषतो. बर्मिंगहॅमचे शल्यचिकित्सक जोसेफ सॅम्पसन गॅमजी यांनी १८८० मध्ये असा शोषक कापूस गॉजच्या दोन थरांत घालून ड्रेसिंग तयार केलं. ते आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

पण हाच गुण पुढे रुग्णाला छळतो. गॉज स्राव पितं, वाळून कडक होतं आणि जखमेवर धरू लागलेली कोवळी त्वचा त्याच्या जाळीत अडकते. भाजलेल्या मुलाचं ड्रेसिंग बदलताना पाहावं. परिचारिका सलाइन ओतून पट्टी भिजवते, थांबते, एका कडेने ती अलगद उचलते. मूल आईचा पदर मुठीत धरून ओरडतं. शेवटचा थर निघतो तो रक्ताचे ठिपके घेऊनच.

यावरचा जुना इलाज म्हणजे कापडाला पुन्हा स्निग्ध करणं. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये ऑगस्त लुमिएर यांनी जाळीदार कापडाला मऊ पॅराफिन लावून ‘ट्यूल ग्रा’ तयार केलं. हे सिनेमावाल्या लुमिएर बंधूंपैकी थोरले.

मुंबईच्या शीव रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तर कापडच बाजूला ठेवलं आणि केळीचं पान वापरून पाहिलं. मेणचट, गुळगुळीत पान जखमेला चिकटत नाही. त्वचारोपणासाठी जिथली कातडी काढली जाते, त्या जागेवर व्हॅसलीन गॉजपेक्षा या पानाने कमी दुखलं, असं त्यांच्या २००३ च्या अभ्यासात दिसलं.

सध्या बोलबाला आहे तो चांदीच्या सूक्ष्म कणांचा लेप दिलेल्या कापडाचा. चांदीचे आयन जंतू मारतात, हे खरं. पण चांदीच्या ड्रेसिंगने जखम लवकर भरते किंवा संसर्ग टळतो, असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्याने २०१० मध्ये काढला होता. तालुक्याच्या रुग्णालयाचे मोजके पैसे आधी न चिकटणाऱ्या स्निग्ध गॉजवर खर्च व्हावेत, चांदीचा विचार त्यानंतर.

गॉजच्या मानकांमध्ये धाग्यांची संख्या, वजन आणि बुडायला लागणारे सेकंद मोजतात. पट्टी सुटताना किती दुखलं, तेही त्याच तक्त्यात यायला हवं. शीवच्या डॉक्टरांनी ते रुग्णांना विचारून नोंदवलं होतं.