पाच गुणांची आघाडी आणि चार बरोबऱ्या

इंग्लिश प्रीमियर लीगच्या २००७-०८ च्या मोसमात आर्सेनलचा संघ ३८ पैकी अवघे ३ सामने हरला. विजेता ठरलेला मँचेस्टर युनायटेड ५ सामने हरला होता. तरीही मोसमाअखेर युनायटेडच्या नावावर ८७, चेल्सीच्या नावावर ८५ आणि आर्सेनलच्या नावावर ८३ गुण होते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाच गुणांची आघाडी घेतलेला संघ मे महिन्यात तिसऱ्या क्रमांकावर होता. लीग कप, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग यांपैकीही काही हाती लागले नव्हते.

या घसरणीची एक ठरलेली कथा सांगितली जाते. २३ फेब्रुवारी २००८ रोजी बर्मिंगहॅममध्ये एडुआर्डो दा सिल्व्हाचा पाय मोडला आणि त्याबरोबर आर्सेनलचा मोसमही मोडला, अशी ती कथा. त्या काळात ईएसपीएन-स्टारवर लीगचे सामने पाहणाऱ्या मुंबई-पुण्याच्या फुटबॉलप्रेमींच्याही स्मरणात तेच दृश्य राहिले आहे. ही कथा खोटी नाही, पण अपुरी आहे. शिवाय ती सोयीची आहे. दैवाला दोष दिला की माणसांचे निर्णय तपासण्याची गरज उरत नाही.

मोसमाच्या सुरुवातीला आर्सेनलकडून कोणालाच फारशा अपेक्षा नव्हत्या. जून २००७ मध्ये थिअरी ऑन्री बार्सिलोनाला गेला. त्याआधी एप्रिलमध्ये उपाध्यक्ष डेव्हिड डीन यांनी संचालक मंडळाशी झालेल्या मतभेदांतून क्लब सोडला होता. २००३-०४ मध्ये एकही सामना न गमावता लीग जिंकणाऱ्या संघातील मोजकेच खेळाडू उरले होते. पहिल्याच सामन्यात, फुलहॅमविरुद्ध, पहिल्याच मिनिटाला गोलरक्षक येन्स लेहमानच्या चुकीमुळे गोल झाला, तेव्हा भाकिते खरी ठरणार असेच वाटले. तो सामना आर्सेनलने २-१ असा जिंकला आणि पुढचे चार महिने लीगमध्ये त्यांना कोणी हरवू शकले नाही. ९ डिसेंबरला मिडल्सब्रोने पहिला पराभव चाखायला लावला, त्याआधी आर्सेनलने लीगचे १५ सामने अपराजित राहून काढले होते.

त्या काळातील आर्सेनलचा खेळ पाहणे हा आनंदाचा भाग होता. वीस वर्षांचा सेस्क फॅब्रेगास मधल्या फळीची सूत्रे हलवत होता. त्याच्या शेजारी मॅथ्यू फ्लामिनी अखंड धावत होता. बाजूंनी अलेक्झांडर ह्लेब आणि टॉमस रोसिस्की चेंडू खेळवत होते आणि ऑन्रीच्या सावलीतून बाहेर पडलेला इमॅन्युएल अॅडेबायोर गोल करत होता. ऑक्टोबरमध्ये स्लाव्हिया प्रागचा ७-० असा धुव्वा उडाला. डिसेंबरमध्ये विल्यम गॅलासच्या गोलने चेल्सीला हरवले. ११ फेब्रुवारीला ब्लॅकबर्नवर २-० असा विजय मिळाला, तेव्हा २६ सामन्यांत ६३ गुण जमा झाले होते. युनायटेडचे ५८ होते. त्याच्या आदल्याच दिवशी युनायटेडला मँचेस्टर सिटीने ओल्ड ट्रॅफर्डवर हरवले होते.

याच शिखरावर असताना संघाच्या भिंतीला पडलेल्या भेगा मात्र कोणी नीट पाहिल्या नाहीत. आघाडीवीर रॉबिन फान पर्सी ऑक्टोबरपासून दुखापतींनी त्रस्त होता. रोसिस्की जानेवारीच्या अखेरीस एफए कपच्या सामन्यात जायबंदी झाला. त्या वेळी किरकोळ वाटलेल्या त्या दुखापतीने त्याला सुमारे दीड वर्ष मैदानाबाहेर ठेवले. कोलो टुरे, एमान्युएल एबुए आणि अॅलेक्स साँग हे आफ्रिकन नेशन्स कपसाठी घानाला गेले. २२ जानेवारीला लीग कपच्या उपांत्य फेरीत टॉटनहॅमने आर्सेनलला ५-१ असे चिरडले. त्या सामन्यात अॅडेबायोर आणि निकलास बेंटनर हे एकाच संघाचे दोन आघाडीवीर मैदानावरच एकमेकांना भिडले. १६ फेब्रुवारीला एफए कपमध्ये युनायटेडने ४-० असे हरवले. हे सारे बर्मिंगहॅमच्या आधीचे आहे.

याच जानेवारीत खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची खिडकी उघडी होती. आर्सेनलने या महिन्यात संघाला बळ देईल असा एकही खेळाडू घेतला नाही. उलट लासाना दियाराला पोर्टस्मथला विकून टाकले. ऑगस्टमध्ये चेल्सीकडून आणलेला हा मधल्या फळीतील खेळाडू संधी मिळत नसल्याने नाराज होता, हे खरे. पण तीन आघाड्यांवर लढणारा आणि अग्रस्थानी असलेला संघ मोसमाच्या मध्यावर आपली फळी आणखी विरळ करतो, तेव्हा त्याचा हिशेब कधीतरी द्यावाच लागतो.

बर्मिंगहॅमच्या सेंट अँड्र्यूज मैदानावर सामन्याच्या तिसऱ्याच मिनिटाला मार्टिन टेलरचा पाय एडुआर्डोच्या डाव्या नडगीवर आदळला. हाड मोडले, घोटा निखळून बाहेर आला. दूरचित्रवाणीने ते दृश्य पुन्हा दाखवण्याचे टाळले. टेलरला लाल कार्ड मिळाले, त्याच्यावर तीन सामन्यांची बंदी आली आणि त्याने पुढे रुग्णालयात जाऊन एडुआर्डोची भेटही घेतली. प्रशिक्षक आर्सेन वेंगर सामना संपल्यावर संतापाच्या भरात टेलरने पुन्हा कधी खेळूच नये असे बोलून गेले आणि नंतर त्यांनी ते शब्द मागे घेतले. क्रोएशियासाठी युरो २००८ च्या पात्रता फेरीत १० गोल करणारा एडुआर्डो त्या स्पर्धेला मुकला. इंग्लंडमधील खेळाशी तो नुकता कुठे जुळवून घेऊ लागला होता.

यानंतरचा तपशील महत्त्वाचा आहे, कारण तो सहसा विसरला जातो. त्या धक्क्यानंतरही आर्सेनल हा सामना जिंकत होता. जेम्स मॅकफॅडनने फ्री किकवर बर्मिंगहॅमला आघाडी मिळवून दिली. उत्तरार्धात थिओ वॉलकॉटने पाच मिनिटांत दोन गोल केले. दहा खेळाडूंनिशी खेळणाऱ्या, तळाशी झगडणाऱ्या संघाविरुद्ध ही आघाडी पुरेशी असायला हवी होती. भरपाई वेळेत गेल क्लिशी आपल्याच पेनल्टी क्षेत्रात बेसावध राहिला. मागून आलेल्या स्टुअर्ट पार्नबीने चेंडू हिसकावला, क्लिशीने त्याला पाडले आणि मॅकफॅडनने पेनल्टीवर २-२ अशी बरोबरी साधली.

मग कर्णधार गॅलासने जे केले, ते इंग्लिश फुटबॉलच्या लोककथेत जमा झाले आहे. पेनल्टी घेतली जात असताना तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला, जाहिरातीच्या फलकावर त्याने लाथ मारली आणि शिट्टी वाजल्यानंतर तो मैदानात एकटाच बसून राहिला. त्याला उठवण्यासाठी वेंगर यांना जावे लागले. सहकाऱ्याचा मोडलेला पाय डोळ्यांसमोर असताना कोणाचाही तोल जाऊ शकतो. तथापि, त्या क्षणी आधाराची गरज क्लिशीला होती, आणि कर्णधार स्वतःच सावरलेला नव्हता. मोसमापूर्वी कर्णधारपद देताना वेंगर यांनी ऑन्रीच्या अनुपस्थितीत संघाची धुरा वाहिलेल्या गिल्बर्तो सिल्व्हाला डावलून गॅलासला पुढे केले होते. नोव्हेंबर २००८ मध्ये गॅलासचे कर्णधारपद काढून ते फॅब्रेगासकडे देण्यात आले.

त्या सायंकाळी आघाडी पाचवरून तीनवर आली, इतकेच. मोसम अजून ११ आठवडे बाकी होता. पुढच्या तीन सामन्यांनी खरे नुकसान केले. १ मार्चला स्वतःच्या मैदानावर अॅस्टन व्हिलाशी १-१. फिलिप सेंडेरॉसच्या स्वयंगोलनंतर बेंटनरने अखेरच्या क्षणी वाचवले. ९ मार्चला विगनच्या खराब खेळपट्टीवर ०-०. १५ मार्चला पुन्हा स्वतःच्या मैदानावर मिडल्सब्रोशी १-१, आणि त्यांचा गोल केला तो आर्सेनलच्याच अकादमीतून पुढे आलेल्या जेरेमी अलियादिएरने. बर्मिंगहॅम धरून सलग चार बरोबऱ्या. या चारही संघांपैकी एकाचेही नाव विजेतेपदाच्या शर्यतीत नव्हते. बर्मिंगहॅम तर मोसमाअखेर दुसऱ्या श्रेणीत घसरला. व्हिला आणि मिडल्सब्रो यांच्याविरुद्ध घरच्या मैदानावर गमावलेले गुण चार होतात. युनायटेड आणि आर्सेनलमधील अंतिम फरकही चारच गुणांचा होता.

आकडे आणखी एक गोष्ट सांगतात. पहिल्या २६ सामन्यांत आर्सेनलने ५४ गोल केले आणि १८ स्वीकारले. २३ फेब्रुवारी ते १३ एप्रिल या काळातील ८ लीग सामन्यांत १० गोल केले आणि ११ स्वीकारले. म्हणजे गोल करण्याचा वेग सुमारे साठ टक्क्यांवर आला आणि गोल स्वीकारण्याचा वेग दुप्पट झाला. एडुआर्डोच्या नावावर त्या मोसमात लीगमधले ४ गोल होते. त्याची अनुपस्थिती गोल न होण्याचे कारण म्हणून काही अंशी मान्य करता येईल. बचावफळी का ढासळली, याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही. दमछाक, हे त्याचे साधे उत्तर आहे. फॅब्रेगास, फ्लामिनी, ह्लेब, क्लिशी, गॅलास हेच ते खेळाडू दर तीन-चार दिवसांनी मैदानात उतरत होते आणि त्यांना विश्रांती देता येईल, असे बाकावर फारसे कोणी नव्हते.

हाच संघ ४ मार्चला मिलानच्या सॅन सिरोवर गेला आणि फॅब्रेगास व अॅडेबायोर यांच्या अखेरच्या मिनिटांतील गोलांनी तत्कालीन युरोपीय विजेत्या एसी मिलानला २-० असे हरवून आला. त्या मैदानावर मिलानला हरवणारा तो पहिला इंग्लिश क्लब ठरला. व्हिलाविरुद्धच्या बरोबरीनंतर तीन दिवसांनी आणि विगनविरुद्धच्या बरोबरीच्या पाच दिवस आधी! गुणवत्तेचा किंवा मनोबलाचा प्रश्न असता, तर हे घडलेच नसते. तेच अकरा खेळाडू मोठ्या रात्रीसाठी उरलेली सारी शक्ती पणाला लावू शकत होते, पण दर आठवड्याला दोनदा ते शक्य नव्हते.

मग चेल्सीने २-१ असे हरवले आणि त्याच सामन्यात बाकारी सान्या जायबंदी झाला. बोल्टनविरुद्ध ०-२ अशा पिछाडीवरून, अबू दियाबीला लाल कार्ड मिळाल्यानंतर, ३-२ असा विजय खेचून आणला. त्याला जिद्द म्हणावे लागेल. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लिव्हरपूलशी सात दिवसांत तीन सामने झाले. पहिल्यात फॅब्रेगासचा गोलकडे निघालेला फटका बेंटनरच्याच पायाला लागून अडला आणि १-१ वर समाधान मानावे लागले. लीगचा सामनाही १-१. तिसरा, ८ एप्रिलचा, अॅनफिल्डवर. तेथे फ्लामिनी पूर्वार्धातच दुखापतीमुळे बाहेर पडला. वॉलकॉटने आपल्या अर्ध्या भागातून चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या रांगा भेदत धाव घेतली आणि अॅडेबायोरने ८४ व्या मिनिटाला २-२ केले. प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरील गोलांच्या नियमाने आर्सेनल उपांत्य फेरीत पोहोचला होता. पुढच्या एक-दोन मिनिटांतच टुरेने रायन बाबेलला पाडले, स्टीव्हन जेरार्डने पेनल्टी साधली आणि अखेरीस बाबेलने ४-२ केले. टुरे हा मध्यबचावपटू. सान्याच्या जागी तो उजव्या बाजूला खेळत होता.

पाच दिवसांनी ओल्ड ट्रॅफर्डवर अॅडेबायोरने आघाडी मिळवून दिली, पण ख्रिस्तियानो रोनाल्डोची पेनल्टी आणि ओवेन हारग्रीव्ह्जची फ्री किक यांनी सामना फिरवला. युनायटेडचे ८० आणि आर्सेनलचे ७१. आठ सामन्यांत पाच गुणांची आघाडी नऊ गुणांच्या पिछाडीत बदलली होती. विजयी गोल करणारा हारग्रीव्ह्ज हा युनायटेडने २००७ च्या उन्हाळ्यात घेतलेल्या खेळाडूंपैकी एक. नानी, अँडरसन आणि कार्लोस तेवेझ हे इतर. विजेता असूनही युनायटेडने संघ वाढवला होता.

आर्सेनलने तसे का केले नाही? याचे एक उत्तर एमिरेट्स स्टेडियममध्ये आहे. २००६ मध्ये खुल्या झालेल्या आणि ३९ कोटी पौंड खर्चाच्या या प्रकल्पासाठी क्लबने सुमारे २६ कोटी पौंडांचे कर्जरोखे उभारले होते. ६० हजारांचे स्टेडियम दीर्घकाळात क्लबला श्रीमंत करणार होते, पण त्या वर्षांत हात आखडता होता. तथापि, सगळा भार कर्जावर टाकणे वेंगर यांनाही पटले नसते. तयार खेळाडू विकत आणला की तरुणाची वाट अडते, ही त्यांची श्रद्धा होती. फॅब्रेगास आणि क्लिशी हे त्या श्रद्धेचेच फळ होते, त्यामुळे तिची थट्टा करण्यात अर्थ नाही. चूक तत्त्वात नव्हती, प्रमाणात होती. जानेवारीत एक अनुभवी बचावपटू आणि मधल्या फळीतला एक राखीव, एवढीच गरज होती. ८३ गुण ही काही सामान्य कमाई नव्हे; २००२-०३ मध्ये युनायटेडने तेवढ्याच गुणांवर लीग जिंकली होती.

उन्हाळ्यात संघ विस्कटला. करार संपलेला फ्लामिनी मोबदला न देता एसी मिलानने नेला, म्हणजे मार्चमध्ये ज्यांना हरवले त्यांनीच. ह्लेब बार्सिलोनाला, गिल्बर्तो ग्रीसला, लेहमान जर्मनीला गेला. पुढच्या मोसमात आर्सेनल ७२ गुणांसह चौथा आला आणि क्लबला पुढचा चषक उचलण्यासाठी २०१४ च्या एफए कपची वाट पाहावी लागली. एडुआर्डो जवळपास वर्षभराने, फेब्रुवारी २००९ मध्ये कार्डिफविरुद्ध परतला आणि त्याने दोन गोल केले. पण पूर्वीची धार पुन्हा क्वचितच दिसली आणि २०१० मध्ये तो युक्रेनच्या शाख्तार डोनेत्स्ककडे गेला.

२०२२-२३ मध्ये मिकेल आर्तेता यांच्या संघाने २४८ दिवस अग्रस्थान राखून ते एप्रिलमध्ये गमावले, तेव्हा इंग्लंडमधील अनेकांना २००८ आठवले. त्या वेळी विल्यम सालिबा मार्चमध्ये जायबंदी झाला होता आणि त्याच्या तोडीचा पर्याय नव्हता. लिव्हरपूल, वेस्ट हॅम आणि तळाच्या साउदॅम्प्टनशी सलग तीन बरोबऱ्या झाल्या, आणि मग मँचेस्टर सिटीने ४-१ असे हरवले. त्या उन्हाळ्यात क्लबने डेक्लन राइससाठी १० कोटी पौंड मोजले. २००८ च्या उन्हाळ्यापूर्वी, १७ मे रोजी, वेम्बलीवर पोर्टस्मथने कार्डिफला १-० असे हरवून एफए कप जिंकला होता. जानेवारीत आर्सेनलने सोडलेला लासाना दियारा त्या दिवशी पोर्टस्मथच्या मधल्या फळीत होता.