नांदेड ते कोल्हापूर विमानाने फक्त एक तास? हा आकडा येतो कुठून?

कोणत्याही दोन शहरांमधलं विमानाचं अंतर गूगलवर शोधा, लगेच उत्तर मिळतं. नांदेड ते कोल्हापूर टाकलं तर साधारण ४२५ किमी आणि वेळ तासभर. वाचून वाटतं, चला, सकाळी इंटरव्ह्यूला जाऊन संध्याकाळी घरी! पण थांबा. हा आकडा म्हणजे विमानाचं टाइमटेबल नाही.

हिशोब कसा होतो?

वेबसाइट दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेते आणि गोल पृथ्वीवरचं सर्वात कमी अंतर काढते. मीही कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं, ४२५ च्या आसपासच आलं. मग अशा बऱ्याच साइट्स वेग ताशी ८०० किमी धरतात आणि टेकऑफ-लँडिंगचा अर्धा तास मिळवतात. झाले ६२ मिनिटं.

आता छोट्या मार्गांवर अनेकदा पंख्याचं एटीआर विमान असतं. त्याचा वेग ताशी ५०० किमीच्या आसपास. त्याच हिशोबाने वेळ होते ८१ मिनिटं. म्हणजे फरक जेमतेम २० मिनिटांचा. खरी गडबड इथे नाहीच.

खरा प्रश्न: थेट विमान आहे का?

थेट विमान असो वा नसो, साइट आकडा देतेच. समजा हैदराबादमार्गे जायचं ठरवलं. नांदेड-हैदराबाद सुमारे २४६ किमी, हैदराबाद-कोल्हापूर सुमारे ४४५. एकूण ६९१ किमी! कोल्हापूर पश्चिमेला, आणि आपण आधी उलट्या दिशेला. वर दुसऱ्या विमानाची वाट बघण्यात काही तास जाऊ शकतात, ते वेगळेच. मग रात्रीची बस स्वस्त तर पडतेच, कधीकधी लवकरही पोचवते.

मग 'उडान'चं काय?

छोटी शहरं जोडायला केंद्राने ही योजना आणली. २७ एप्रिल २०१७ ला सुरू झालेल्या पहिल्या मार्गांमध्ये नांदेड-हैदराबाद होता. तासाभराच्या, साधारण ५०० किमीच्या प्रवासाला ठरावीक सीटसाठी २,५०० रुपयांची मर्यादा होती. कंपनीचा तोटा भरून काढायला तीन वर्षं सरकारी मदत.

पण ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडलेला कॅगचा अहवाल बघा. तपासलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षं पूर्ण केली फक्त ११२ मार्गांनी. आणि मदत संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत टिकले ५४.

माझ्या मते मुद्दा हाच आहे. अंतर कधी बदलत नाही, पण मार्ग बंद पडू शकतो. 'विमानतळ झाला' ही बातमी आणि 'मला विमान मिळालं' यात बराच फरक आहे.

तिकीट काढण्याआधी हे तपासा

- गूगल फ्लाइट्सवर तारीख टाकून 'नॉनस्टॉप' फिल्टर लावा.
- विमान रोज आहे की आठवड्यातून काहीच दिवस, ते बघा. परतीचंही!
- फ्लाइटरडार२४ वर ते विमान गेल्या काही दिवसांत खरंच उडालं का आणि किती उशिराने, ते दिसतं.
- घरापासून विमानतळ, किमान दीड-दोन तास आधी पोचणं आणि उतरल्यावर रिक्षा, हे सगळं मिळवा.

ही बेरीज म्हणजे तुमचा खरा प्रवास. परीक्षा किंवा इंटरव्ह्यू असेल तर ६२ मिनिटांवर नाही, या बेरजेवर विश्वास ठेवा.