फिश टँकच्या दिव्याचं वेळापत्रक

वर्गात किंवा घरात फिश टँक आला की सगळे माशांच्या खाण्याचं विचारतात. दिव्याचं कोणी विचारत नाही. शाळा उघडली की बटण दाबायचं, शेवटचा माणूस निघाला की बंद करायचं. घरी तर हॉलमधला टँक टीव्ही बंद होईपर्यंत चालूच! माझं मत स्पष्ट आहे. टँकमध्ये खऱ्या वनस्पती लावल्या असतील तर दिव्याला ठरलेली वेळ हवी, आणि ती वेळ मुलांच्या हाती हवी.

पालक म्हणतात, "सर, उजेड जास्त म्हणजे झाडं जास्त वाढणार ना?" तसं होत नाही. झाडाला उजेडासोबत कार्बन डायऑक्साइड आणि क्षारही लागतात. हा वायू पाण्यात हवेपेक्षा जवळजवळ दहा हजार पट सावकाश पसरतो. तो कमी पडला की जादा उजेड झाडाच्या कामाचा राहत नाही, शेवाळ मात्र फोफावतं. आधी काचेवर हिरवा थर, मग पानांवर दोऱ्यासारखे तंतू. शेवटी पाणीच हिरवं होतं आणि टँक अडगळीत जातो.

हायड्रिला, व्हॅलिसनेरिया यांसारख्या साध्या वनस्पतींना सुरुवातीला रोज ६ तास उजेड द्यावा. नवी पानं फुटू लागली की ७-८ तास पुरे. शेवाळ वाढलं तर एक तास कमी करून दोन आठवडे थांबावं. रोज बदल केला तर कशाने काय झालं ते कळत नाही. टँक खिडकीशी तर ठेवूच नये. आपल्याकडे डिसेंबरात दिवस साधारण ११ तासांचा, जूनमध्ये १३ तासांहून थोडा मोठा. खिडकीतलं ऊन आपलं वेळापत्रक मोडणारच.

दहा ते पाचची शाळा म्हणजे ७ तास, हिशेब छान बसतो. पण शनिवारी सकाळची शाळा, रविवारी सुट्टी, पुढे दिवाळी. म्हणून टायमर लागतो, आणि इथे आमच्या युसूफ वडगावसारख्या गावांची खरी अडचण येते. लाईट जाते! चकतीचा टायमर विजेवरच फिरतो. दोन तास लाईट गेली की तो दोन तास मागे पडतो. असं चार-पाच दिवस झालं की दुपारचा दिवा रात्री लागतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर थोडा महाग पडतो, पण वेळ चुकवत नाही. शहरात बसून लिहिलेल्या सूचनांमध्ये हे कुठे सापडायचं!

गेलेले तास रात्री भरून काढू नयेत. डासांसाठी आपण हौदात सोडतो त्या गप्पी माशांनाही पापण्या नसतात, त्यांना अंधार लागतोच. अंधारात झाडंही ऑक्सिजन घेतात, त्यामुळे पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी असतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर गर्दी जास्त झाली असं समजावं.

चौथीच्या मुलांना एक वही द्या. दिवा कधी लागला, लाईट किती वेळ गेली, पानांवर बुडबुडे किती वाजता दिसले, एवढंच लिहायचं. १७७९ मध्ये यान इंगेनहाउझ या डच शास्त्रज्ञाने पाण्यातल्या पानांवरचे असेच बुडबुडे पाहून झाडाला उजेड लागतो हे दाखवलं होतं. दिवा बंद झाल्यावर बुडबुडे किती वेळात थांबतात, हे बघायला पालकांनी एक दिवस मुलांसोबत पाचनंतर वर्गात थांबावं.