घोंगडीला टक्कल कोणी पाडलं?



काडेपेटीत काय काय असू शकतं? काड्या, चिंचोके, मणी, एखादा जिवंत भुंगासुद्धा! विरारच्या आमच्या शाळेत चौथीच्या मुलांच्या दप्तरांतून मी हे सगळं बाहेर काढलेलं आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि पहिल्याच दिवशी एका मुलीने माझ्या टेबलावर अशीच एक काडेपेटी ठेवली. म्हणाली, "बाई, हा माझ्या आजोबांची घोंगडी खातो."

मी काडेपेटी उघडली. आत चार-पाच मिलिमीटर लांबीची एक अळी होती. तपकिरी, अंगावर आडवे पट्टे आणि सगळीकडे केसच केस. बोटाने हलवलं तर मागच्या बाजूचे केस पिसाऱ्यासारखे फुलवायची! वर्गात एकच भिंग. सगळ्यांनी रांग लावून पाहिलं. एक जण म्हणाला, "तांदळाच्या दाण्याला मिशा फुटल्यात!"

घोंगडी तुमच्यापैकी काहींनी पाहिलीही नसेल. दख्खनी मेंढीच्या लोकरीची ती काळी, जाड, जराशी टोचणारी पांघरायची वस्तू. सनगर कारागीर ती खड्डामागावर विणतात आणि ताण्याच्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावतात, म्हणून ती कडक होते. पावसात डोक्यावर, थंडीत अंगावर आणि पाहुणा आला की खाली अंथरायला. आपल्याकडचा गालिचाच म्हणा ना! या मुलीचे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातून नोकरीसाठी विरारला आले, तेव्हा ही घोंगडी सोबत घेऊन आले होते. आजोबा गेले. घोंगडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवली. चार वर्षांनी काढली, तर जागोजागी टक्कल!

"उंदीर असेल," वर्गातून पहिला अंदाज आला. पण उंदीर कुरतडून चिंध्या पाडतो, लेंड्या टाकतो. इथे तसलं काही नव्हतं. "वाळवी!" वाळवीला लाकूड, कागद, सुती कापड आवडतं आणि ती येते ती मातीचे बोगदे बांधत. "झुरळ!" नाही. मग मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "बाई, कसर."

हा शब्द बरोबर होता आणि नव्हताही. कपड्याला, पुस्तकाला, लोकरीला, कशालाही बारीक किडा लागला की आपण 'कसर लागली' म्हणतो. पण त्या एका नावाखाली निदान तीन वेगवेगळे चोर लपलेले आहेत, बरं का! पहिला, पुस्तकांतून सुळकन पळणारा चंदेरी किडा. त्याला खळ, डिंक, कागद हवा असतो. दुसरा, एका लहानशा फिकट पतंगाची अळी. ती रेशमासारखा धागा काढून लोकरीवर जाळी विणते. आणि तिसरा, काडेपेटीतला आपला केसाळ पाहुणा. हा जाळी विणत नाही. वाढताना कात टाकतो आणि त्या हलक्या, पोकळ, केसाळ काती मागे सोडतो. मुलीने दुसऱ्या दिवशी कागदाच्या पुडीतून तशा सात-आठ काती आणल्या. चोर पकडला गेला!

हा गालिच्याचा भुंगेरा. इंग्रजीत याला 'कार्पेट बीटल' म्हणतात. गंमत पाहा, मोठा भुंगेरा तुमच्या गालिच्याला तोंडही लावत नाही. दोन-तीन मिलिमीटरचा, गोल, पांढरे-तपकिरी-पिवळसर ठिपके असलेला, बुटक्या लेडीबर्डसारखा दिसणारा हा प्राणी फुलांतले परागकण खातो. उजेडाकडे ओढ घेतो, म्हणून खिडकीच्या काचेवर किंवा कठड्यावर सापडतो. आपण त्याला पाहतो आणि म्हणतो, किती छान! पण मादी अंडी घालते ती अंधारात. लोकर, केस, पिसं असतील तिथे. अंड्यातून निघालेली अळी महिनोन्‌महिने तिथेच खात बसते. खाणारं लेकरू अंधारात आणि आई-बाप खिडकीत!

आता मला सांगा, लोकर कोणी खातं का? तुम्ही-आम्ही खाल्ली तर जशीच्या तशी बाहेर पडेल. लोकर, केस, नखं, पिसं, शिंगं ही सगळी केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात. त्यातले धागे गंधकाच्या दुव्यांनी एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. बहुतेक प्राण्यांच्या पोटाला ते दुवे तुटत नाहीत. या अळीच्या आतड्यात मात्र तशी खास व्यवस्था असते, ते दुवे सुटतात आणि लोकर पचते. विचार करा, रानात मेंढरं, पाखरं मरतात, त्यांचे केस-पिसं कोण आवरतं? हीच मंडळी. यांचे काही भाऊबंद तर मोठ्या संग्रहालयांत चक्क कामाला आहेत! प्राण्यांचा सांगाडा स्वच्छ करायचा असला की तिथले शास्त्रज्ञ तो या भुंगेऱ्यांच्या पेटीत ठेवतात. अळ्या हाडाला धक्का न लावता बाकीचं सगळं फस्त करतात.

पण विरारच्या चौथ्या मजल्यावर हा आला कुठून? मी मुलीला म्हटलं, घरी गेल्यावर माळ्याच्या आसपास नीट बघ. तिने बघितलं. माळ्याला लागून एक छोटी खिडकी, खिडकीबाहेर जाळी आणि जाळीच्या मागे कबुतराचं जुनं घरटं. पिसं, काड्या, वाळलेली घाण. पाखरांची घरटी म्हणजे या भुंगेऱ्यांचं माहेरच. तिथून खिडकी, खिडकीतून माळा, माळ्यावर घोंगडी. पिशवीची गाठ बांधली होती, पण पिशवी कोपऱ्यात फाटलेली होती.

इथवर सगळी गंमत होती. पण दुपारी डबा खाताना ती मुलगी सहज बोलून गेली, "आईने आता खूप डांबरगोळ्या टाकल्यात, बाई. बाळाला त्या घोंगडीवरच झोपवायचंय ना, आजी म्हणते आजोबांची ऊब मिळेल." तिला बारा दिवसांचा भाऊ झाला होता. माझा घास हातातच राहिला. शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले.

डांबरगोळ्या म्हणजे नॅफ्थॅलीन. दगडी कोळशाच्या डांबरापासून काढतात म्हणून हे नाव. विज्ञानाच्या पुस्तकात 'संप्लवन' वाचलं असेल ना? गोळी वितळत नाही, घन पदार्थाचा थेट वायू होतो आणि ती लहान लहान होत जाते. त्या वायूने किडे मरतात, पण केव्हा? घट्ट बंद पेटीत तो भरपूर साठला तर. उघड्या माळ्यावर चार गोळ्या टाकल्या तर नुसता वास येतो. आणि हाच वायू कपड्यांत, पांघरुणांत मुरतो. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच जी-६-पीडी नावाचं एक विकर कमी असतं. बाहेरून बघून ते कळत नाही. अशा बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेल्या पांघरुणात गुंडाळलं, तर त्याच्या तांबड्या पेशी फुटू लागतात, मोठी कावीळ होते, जिवावरही बेतू शकतं. शिवाय पांढरीशुभ्र गोळी लहान मुलांना पेपरमिंट वाटते! कोणी गिळली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठायचा.

आजींना हे सांगणं मला जड गेलं. मी काही डॉक्टर नाही आणि घोंगडी म्हणजे त्यांच्या घरातलं माणूस होतं. पण आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. घोंगडी उचलून गॅलरीत नेली. मग म्हणाल्या, "बाई, आमच्या माणदेशात किड्यानं घोंगडी खाल्लेली मी कधी बघितली नाय. रोज अंगावर असायची ना! झटकायची, उन्हात पडायची. हितं आणून आम्हीच तिला डांबून ठेवली."

मी चौथीला शिकवते, पण हे आजींनी एका वाक्यात मला शिकवलं. या अळीला शांतता हवी, अंधार हवा, हात न लागलेली घडी हवी. भिजत पडलेलं घोंगडं परवडलं, माळ्यावर पडलेलं नको!

मग आम्ही काय केलं ते सांगते. तुमच्या घरी लोकरीचा गालिचा, शाल, स्वेटर असेल तर घरातल्या मोठ्यांना सोबत घेऊन तुम्हीही करा. आधी नाकाला रुमाल बांधला. या अळीचे बारीक केस अंगाला लागले तर खाज येते, पुरळ उठतं आणि आपण उगाच ढेकणांना शिव्या देतो. घोंगडी आधी कडक ब्रशने दोन्ही बाजूंनी झाडली. हे महत्त्वाचं, कारण नुसती उन्हात टाकली तर अळ्या लबाडीने सावलीच्या बाजूला सरकतात. मग कडक ऊन. घोंगडी काळी, त्यामुळे भरपूर तापते. तासाभराने उलटायची, पुन्हा ब्रश. घड्यांच्या आणि काठांच्या आत बोट घालून पाहायचं. खाली पडलेला कचरा पुडीत बांधून बाहेर टाकायचा, घरातल्या केरात नाही. अंडी उरलेली असतात, म्हणून दहा-पंधरा दिवसांनी हे सगळं पुन्हा करायचं. आजींच्या गॅलरीत हा कार्यक्रम तीनदा झाला. डांबराचा वास पुरता जाईपर्यंत बाळाला मऊ सुती दुपटंच!

गरम पाण्यात मात्र लोकर बुडवू नका हं, आटून बाहुलीच्या मापाची होईल. रिठ्याचं थंड पाणी चालतं. टोपी, मोजे अशी लहान वस्तू असेल तर आणखी एक युक्ती आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर ठेवायची. संग्रहालयांतही जुन्या लोकरी वस्तू अशाच गोठवतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर दव धरतं. (फ्रीजरमध्ये कुल्फीशेजारी मोजे पाहून आई ओरडली, तर माझं नाव सांगू नका.) कडुलिंबाचा पाला आणि वेखंड आपल्याकडे पूर्वीपासून कपड्यांत ठेवतात. नवे किडे दूर ठेवायला ते बरे, पण आत शिरलेली अळी त्यांना दाद देत नाही.

आणि हो, ते घरटं! रिकामं आहे, अंडी-पिल्लं नाहीत, याची खात्री करून मुलीच्या बाबांनी ते काढलं आणि जाळी नीट बसवली. ते राहिलं असतं तर सगळी मेहनत वाया.

तुमचा गालिचा लोकरीचा आहे की नाही, हे कसं ओळखाल? हल्ली बाजारातले बरेचसे गालिचे कृत्रिम धाग्याचे असतात. मोठ्या माणसाला एक धागा उपसून, चिमट्यात धरून, मोरीत पेटवायला सांगा. जळक्या केसांचा वास आला, राख चुरगळली तर लोकर. जळक्या कागदाचा वास आला तर सुती. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम. कृत्रिम धाग्याला अळी सहसा खात नाही. पण त्या गालिच्याखाली साठलेले केस आणि मेलेले किडे खाऊन ती मजेत जगते, म्हणून तोही उचलून झाडायलाच हवा.

काडेपेटीतली अळी आम्ही बरणीत ठेवली. झाकणाला बारीक भोकं आणि आत दोन धागे: एक घोंगडीचा, एक सतरंजीचा सुती. फेब्रुवारीपर्यंत घोंगडीचा धागा अर्धा झाला होता, सतरंजीचा होता तसाच. मध्ये तीन वेळा कात टाकली. मार्चमध्ये एका सकाळी बरणीत, उजेडाकडच्या बाजूला, ठिपक्यांचा एक गोल भुंगेरा चढत होता. सोडायचा की नाही यावर वर्गात मोठं भांडण झालं. शेवटी त्या मुलीनेच निकाल दिला, "सोडू या. पण माझ्या खिडकीपासून लांब!" शाळेमागच्या फुललेल्या कोथिंबिरीवर आम्ही तो सोडला.

आता तुमची पाळी. तुमच्या घरात, विशेषतः दमट भिंतीवर, भोपळ्याच्या बीएवढी, राखाडी, चपटी पिशवी चिकटलेली दिसली तर हात लावू नका, पाच मिनिटं नुसतं बघत बसा. तिच्या एका टोकातून डोकं बाहेर येतं आणि कधी कधी दुसऱ्याही टोकातून! ही पतंगाचीच एक अळी, आपलं घर अंगावर घेऊन फिरणारी. ती तुमच्या घरात नेमकं काय खाऊन जगत असेल, ते शोधा आणि चित्र काढून मला पत्राने कळवा.

तुमची,
बाई