गाल्टनची मोजपट्टी आणि गुणवत्तेचा वारसा

राखीव जागांचा प्रश्न निघाला की ‘गुणवत्ता’ हा शब्द आपल्याकडे ब्रह्मास्त्रासारखा फेकला जातो. गुणवत्ता जन्मजात असते व ती ठराविक घराण्यांतच पिढ्यान्‌पिढ्या उतरते, हे गृहीत धरूनच हा युक्तिवाद चालतो. या समजुतीला शास्त्राचा पोशाख चढविणारा गृहस्थ म्हणजे सर फ्रान्सिस गाल्टन (१८२२–१९११). कार्यकर्त्यांनी त्याची नीट ओळख करून घेणे अगत्याचे आहे, कारण त्याचे नाव न घेताही त्याचेच म्हणणे आपल्या तोंडावर मारले जाते.

गाल्टन असामान्य बुद्धीचा होता, हे आधीच मान्य केले पाहिजे. चार्ल्स डार्विनचा हा आतेभाऊ नैर्ऋत्य आफ्रिकेत हिंडला. १ एप्रिल १८७५ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्याने हवामानाचा नकाशा छापला. बोटांच्या ठशांवर १८९२ साली त्याने ग्रंथ लिहिला. (ठशांच्या वर्गीकरणाची व्यवहार्य पद्धत पुढे कलकत्त्यास अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांच्या परिश्रमाने सिद्ध झाली, आणि नाव मात्र एडवर्ड हेन्री या साहेबाचे झाले.) सहसंबंधाची कल्पना संख्याशास्त्राला त्याने १८८८ मध्ये दिली. तिच्यावाचून आजचे अर्थशास्त्र एक पाऊल टाकू शकणार नाही.

पण ‘हेरेडिटरी जीनियस’ हा त्याचा १८६९ चा ग्रंथ पाहा. १६६० ते १८६५ या काळातील इंग्लंडचे २८६ न्यायाधीश त्याने विचारात घेतले. त्यांत नवांपैकी एकाहून अधिक जण दुसऱ्या एखाद्या न्यायाधीशाचे वडील, पुत्र वा बंधू निघाले. यावरून निष्कर्ष काय काढला, तर बुद्धी रक्तातून उतरते! न्यायाधीशाच्या मुलाला ग्रंथ, ओळखी, शिक्षणाचा खर्च आणि पहिला खटला कोण मिळवून देतो, हे अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही विचारील. गाल्टनला हा आक्षेप सुचला नव्हता असे नाही. खरी प्रतिभा कोणताही अडथळा ओलांडतेच, असे सांगून त्याने तो बाजूस सारला.

खुद्द त्याच्या वाटेत अडथळे कोणते होते? आजोबा बंदुकांचे कारखानदार व पेढीवाले. १८४४ साली वडील वारले आणि गाल्टनला जन्मभर चाकरीची गरज उरली नाही. केंब्रिजच्या गणिताच्या गुणांवरून माणसांच्या नैसर्गिक बुद्धीची प्रतवारी याच ग्रंथात लावणारा हा विद्वान, स्वतः तेथे आजारी पडल्यामुळे ऑनर्सविना साधी पदवी घेऊन बाहेर पडला होता. आजारपणाची सबब आपण त्याला खुशाल देऊ. गिरणी कामगाराच्या मुलाला ती कोणी देत नाही, एवढेच.

याहून मोठी विसंगती त्याच्या आकड्यांतच आहे. १८८६ मध्ये त्याने २०५ जोडपी व त्यांची ९२८ प्रौढ मुले यांच्या उंचीचे कोष्टक प्रसिद्ध केले. फार उंच आईबापांची मुले सरासरीपेक्षा उंच असतात खरी, पण आईबापांचे सरासरीपासूनचे अंतर मुलांत सुमारे दोनतृतीयांशच उरते. ‘रिग्रेशन’ हा शब्द इथून आला. आनुवंशिकता खोटी आहे असे यावरून ठरत नाही. परंतु असामान्यत्व घराण्यात अखंड टिकत नाही, एवढे निश्चित दिसते. संपत्ती मात्र मृत्युपत्राने अखंड उतरते! तरीही १८८३ साली आपणच नाव दिलेल्या ‘युजेनिक्स’चा, म्हणजे सुप्रजननाचा, प्रचार त्याने अखेरपर्यंत सोडला नाही. १९०७ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्याने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. १९३३ मध्ये जर्मनीने केला. गाल्टनने कत्तलीचा उपदेश केला नव्हता, हे खरे. माणसांची प्रतवारी लावण्याचा अधिकार मात्र त्यानेच शास्त्राच्या नावाने बहाल केला.

इथे आपल्या पक्षाच्या मंडळींनी फार ऐटीत राहू नये. सिडनी वेब आणि बर्नार्ड शॉ हे फेबियन समाजवादी या विचाराचे चाहते होते. गाल्टनचा पट्टशिष्य कार्ल पिअर्सन स्वतःला समाजवादीच म्हणवीत असे. नियोजन करणाऱ्याला माणसांचेही नियोजन करावेसे वाटू लागते, हा आपल्या परंपरेतील जुना रोग आहे.

आपल्या भूमीतून त्याला उत्तर लवकर मिळाले. जातिव्यवस्था वंशशुद्धी राखते, हा बचाव डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये खोडून काढला. त्याआधी इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या सुप्रजननवाद्याच्या हाताखाली संशोधन करीत होत्या. कवटीच्या असमानतेत वंशभेद सापडावा अशी गुरूची अपेक्षा. कवट्या मोजून बाईंनी तो सापडत नाही असे लिहून दिले. आणि पिअर्सनच्या ‘बायोमेट्रिका’ने संख्याशास्त्राकडे ओढले गेलेले प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५० मध्ये तीच विद्या राष्ट्रीय नमुना पाहणीसाठी, गरिबाच्या घरचा खर्च मोजण्यासाठी वापरली.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०२० मध्ये आपल्या व्याख्यानगृहाचे गाल्टन हे नाव काढले. ठीक झाले. त्याची मोजपट्टी मात्र आपण टाकू नये. आपल्या उच्च न्यायालयांतील किती न्यायमूर्तींचे वडील, काका वा बंधू न्यायासनावर किंवा नामवंत वकिलांत होते, ही मोजणी त्याच्याच पद्धतीने करता येईल, आणि ती आपल्या अभ्यासगटांनी हाती घ्यावी.